वाचकांचे प्रश्न : नॅरोगेजवरील विसरलेल्या थांब्यांचा माग

प्रश्न : मी कोलोराडो राज्यात राहतो. जुन्या पुस्तकांच्या एका दुकानात मला डेन्व्हर अँड रिओ ग्रँड रेल्वेच्या वेळापत्रकाचे एक सुटे पान मिळाले. त्यावर अँटोनिटो ते सांता फे या नॅरोगेज मार्गावरील स्थानके दिलेली असून काही नावांपुढे बारीक ‘एफ’ हे अक्षर छापलेले आहे. यांतील अनेक नावे आजच्या नकाशावर सापडत नाहीत. ही ठिकाणे नेमकी कुठे होती, हे आता शोधता येईल का?
— एक वाचक, डेन्व्हर

उत्तर : बहुतेक ठिकाणे शोधता येतात, मात्र त्यासाठी रेल्वेच्या कागदांबरोबरच इतरांच्या कागदांचाही धांडोळा घ्यावा लागतो. त्याचे कारण आपल्या पानावरील ‘एफ’ या अक्षरातच आहे.

आपला मार्ग ‘चिली लाइन’ या नावाने ओळखला जात असे. जनरल विल्यम जॅक्सन पामर यांनी १८७० मध्ये डेन्व्हर अँड रिओ ग्रँड रेल्वे स्थापन केली, तेव्हा डोंगराळ मुलुखात कमी खर्चात आणि तीव्र वळणे घेत जाता यावे म्हणून त्यांनी रुळांमधील अंतर तीन फूट, म्हणजे ९१४ मिलिमीटर ठेवले. अँटोनिटोहून दक्षिणेकडे निघालेला फाटा १८८० मध्ये एस्पान्योलापर्यंत गेला, तेथून सांता फेपर्यंतचा भाग दुसऱ्या एका कंपनीने त्याच दशकात बांधला, आणि सुमारे १२५ मैलांचा हा सगळा मार्ग १९४१ मध्ये बंद झाला. ताओसच्या पठारावरील मेंढपाळ, लाकूडतोडीच्या छावण्या, रिओ ग्रँड नदीकाठची शेतकरी गावे आणि पुएब्लो या आदिवासी लोकांच्या वस्त्या यांना बाहेरच्या जगाशी जोडणारा दुसरा सोयीचा रस्ता त्या काळी जवळजवळ नव्हताच. त्यामुळे स्थानकाची इमारत बांधण्याइतकी वर्दळ नसलेल्या जागीही गाडी थांबणे आवश्यक होते. असे थांबे म्हणजे फ्लॅग स्टॉप, आणि ‘एफ’ हे त्याचेच आद्याक्षर.

तेथे चढणारा कोणी उभा असेल किंवा उतरणाऱ्याने गार्डला आधी सांगितले असेल, तरच गाडी थांबे. अमेरिकी रेल्वेच्या नियमपुस्तकाप्रमाणे यासाठी हिरवा आणि पांढरा असे दोन रंग एकत्र असलेली खूण दाखवायची असे, आणि तीही ज्या गाडीच्या वेळापत्रकात ते ठिकाण फ्लॅग स्टॉप म्हणून नोंदलेले असेल त्याच गाडीला. एरवी गाडी थांबवायची वेळ आली, तर लाल खूणच दाखवावी लागे. यातून निघणारी एक बाब पुष्कळदा ध्यानात घेतली जात नाही : ‘एफ’ हे अक्षर ठिकाणाला चिकटलेले नसून त्या गाडीपुरते असते. एकाच ठिकाणी एक गाडी नेमाने थांबते, दुसरी झेंडी दाखवल्यावर थांबते आणि तिसरी अजिबात थांबत नाही, असे एकाच पानावर दिसू शकते. म्हणून आपल्या पानावरचे सगळे रकाने वाचावेत. एकाच रकान्यावरून ठिकाणाचा दर्जा ठरवू नये.

फ्लॅग स्टॉपवर स्टेशनमास्तर नसे. तिकीटविक्री नाही, तारयंत्र नाही, हिशेबाची वही नाही, आणि त्यामुळे मागे उरणारे कागदही नाहीत. मोठ्या स्थानकांचा इतिहास रेल्वेच्या दप्तरातून उभा राहतो, पण या थांब्यांचा इतिहास ते वापरणाऱ्यांच्या दप्तरात शोधावा लागतो. माझ्या मते शोधाची खरी दिशा हीच आहे. तरीही सुरुवात मात्र रेल्वेने दिलेल्या अंतरांपासूनच करावी लागते.

आपले पान प्रवाशांसाठी छापलेल्या वेळापत्रकाचे दिसते. कर्मचाऱ्यांसाठी वेगळे वेळापत्रक असे आणि त्यात अंतरे अधिक काटेकोर दिलेली असत. शिवाय सायडिंगमध्ये, म्हणजे मुख्य मार्गालगतच्या जादा रुळावर, किती डबे मावतात, पाणी, कोळसा वा टेलिफोन कुठे आहे, हेही त्यात असे. रिओ ग्रँडच्या या भागातील अंतरे डेन्व्हरपासून मोजलेली आहेत. अँटोनिटोहून चामाकडे जाणाऱ्या आणि आज पर्यटकांसाठी चालणाऱ्या कंब्रेस अँड टोल्टेक या मार्गावर हीच मोजणी अजून वापरात आहे. अँटोनिटो २८० मैलांच्या जरा पुढे, ओसिअर ३१८ च्या, कंब्रेस खिंड ३३० च्या आणि चामा ३४४ मैलांच्या पुढे येते. तेव्हा ज्याची जागा निश्चित माहीत आहे असे एखादे ठिकाण पायाभूत धरावे आणि तेथून पुढे मोजत जावे. चिली लाइनवर त्रेस पिएद्रास येथील पाण्याची टाकी अजून उभी आहे आणि एंबुडोच्या स्थानकाची इमारतही टिकून आहे, त्यामुळे या दोन जागा पायाभूत म्हणून उत्तम ठरतात.

समजा, अशा जागेपासून एखादा थांबा ३.४ मैलांवर दिला आहे. एका मैलात ५,२८० फूट, म्हणजे हे अंतर १७,९५२ फूट किंवा सुमारे ५.४७ किलोमीटर झाले. मात्र ते रुळाच्या कडेने, प्रत्येक वळणासह मोजायचे असते. डोंगरात ही गोष्ट फार महत्त्वाची ठरते, कारण कंब्रेसच्या मार्गावर रूळ इतके वळसे घेतात की अँटोनिटो ते चामा या ६४ मैलांत ते कोलोराडो आणि न्यू मेक्सिको यांची सीमा ११ वेळा ओलांडतात. दुसरे असे की अंतर मैलाच्या दहाव्या भागापर्यंत दिले असेल, तर पूर्णांकनामुळेच दोन्ही बाजूंना ८० मीटरची चूक संभवते, आणि ते पूर्ण मैलात दिले असेल तर हीच चूक ८०० मीटरपर्यंत जाते. प्रवाशांच्या वेळापत्रकात बहुधा पूर्ण मैलच असतात. आपल्या पानावरून निघणारी जागा म्हणजे शोध घेण्याचा टापू आहे, एवढेच समजून पुढे जावे.

तो टापू आवळण्यासाठी ‘व्हॅल्युएशन मॅप’ या नकाशांइतके उपयोगी साधन दुसरे नाही. अमेरिकी संसदेने १९१३ मध्ये केलेल्या कायद्यान्वये आंतरराज्य वाणिज्य आयोगाने देशभरातील रेल्वे कंपन्यांच्या मालमत्तेचे मूल्यमापन हाती घेतले, आणि त्यासाठी रेल्वेच्या हद्दीचे बारीक तपशील दाखवणारे नकाशे तयार झाले. मोकळ्या मार्गासाठी एका इंचाला ४०० फूट आणि स्थानकांच्या आवारासाठी एका इंचाला १०० फूट हे त्यांचे नेहमीचे प्रमाण होते. मूल्यमापन मालमत्तेचे असल्यामुळे त्यात मोऱ्या, कुंपणे, फाटके, छपऱ्या, गुरांचे कोंडवाडे, सगळे काही येते. हे नकाशे मेरीलँडमधील कॉलेज पार्क येथील राष्ट्रीय अभिलेखागारात जतन केले आहेत. ते वाचताना एक सावधगिरी बाळगावी. त्यांवर ‘स्टेशन’ म्हणून जे आकडे येतात, उदाहरणार्थ ‘१४८२ + ३५’, त्यांचा प्रवासी स्थानकाशी संबंध नसतो. अभियंत्याचे एक स्टेशन म्हणजे १०० फूट. तेव्हा हा आकडा आरंभबिंदूपासून १,४८,२३५ फुटांवरील जागा दाखवतो. म्हणजेच जी जागा वेळापत्रक पाव-अर्ध्या मैलाच्या अंदाजाने सांगते, ती हा नकाशा फुटांत सांगतो.

आता वापरणाऱ्यांच्या कागदांकडे वळू. यांतील पहिला मान टपालखात्याच्या स्थळ-अहवालांचा आहे. अमेरिकेत नवे टपालघर उघडताना किंवा हलवताना पोस्टमास्तरकडून एक छापील तक्ता भरून घेत असत. टपालघर कोणत्या भूखंडावर आहे, जवळची नदी कोणती व किती दूर, जवळचा रेल्वेमार्ग कोणता, टपालघर त्याच्या कोणत्या बाजूला आणि किती अंतरावर, जवळची टपालघरे कोणती, असे प्रश्न त्यात असत आणि शेवटी परिसराचा हाताने काढलेला आराखडा द्यायचा असे. फ्लॅग स्टॉपजवळचे टपालघर बहुधा एखाद्या दुकानात किंवा कुरणमालकाच्या घरी असे, आणि ज्या जागेची नोंद रेल्वेने एका शब्दात संपवली तिचा नकाशा तेथील रहिवाशाने स्वतःच्या हाताने काढून दिलेला असे. १८३७ ते १९५० या काळातील हे अहवाल राष्ट्रीय अभिलेखागारात आहेत. मी तर प्रत्येक अनोळखी नावासाठी पहिल्यांदा तेच पाहावेत असे सुचवीन.

दुसरे साधन जाहिरातींचे. ओहो कालिएन्ते येथील उष्ण झऱ्यांच्या जुन्या जाहिरातीत प्रवाशांना बरांका स्थानकावर उतरण्यास सांगितलेले असे आणि तेथून झऱ्यांपर्यंत घोडागाडीची सोय असल्याचे नमूद केलेले असे. ताओसला रेल्वे कधीच पोहोचली नाही. तिकडचे प्रवासी पठारावरील एखाद्या स्थानकावर उतरून पुढे घोडागाडीने जात आणि लाँग जॉन डन यांनी या वाहतुकीसाठी रिओ ग्रँडवर पूलही उभारला होता. अशा जाहिरातींत स्थानकापासूनचे अंतर मिळाले की घोडागाडीची जुनी वाट नकाशावर धरून उलट मोजत रुळापर्यंत येता येते. या भागात इंग्रजीइतकीच स्पॅनिश वर्तमानपत्रे महत्त्वाची आहेत, कारण थांबे वापरणाऱ्यांपैकी बहुतेकांची भाषा स्पॅनिश होती.

ओटोवीचे उदाहरण या दृष्टीने फार बोलके आहे. येथे चिली लाइन रिओ ग्रँड नदी ओलांडून पूर्व तीरावर जात असे. वेळापत्रकात हे एक छोटेसे नाव आहे, पण लॉस अलामोस येथील मुलांच्या निवासी शाळेचा माल याच जागी उतरत असे आणि तो ताब्यात घेऊन सांभाळण्याचे काम १९२८ पासून एडिथ वॉर्नर करत होत्या. त्या पुलाशेजारच्या लहानशा घरात राहत आणि येणाऱ्या-जाणाऱ्यांसाठी चहापाण्याची खोली चालवत. रेल्वे बंद झाल्यावर काही काळातच शाळेची जागा अणुबाँबच्या प्रकल्पासाठी घेतली गेली आणि रॉबर्ट ओपेनहायमर यांच्यासह तेथील शास्त्रज्ञ वॉर्नर यांच्याकडे जेवायला येऊ लागले. त्यामुळे ओटोवीबद्दल आज पत्रे आणि आठवणी भरपूर उपलब्ध आहेत, पण त्यांतला फारच थोडा भाग रेल्वेच्या दप्तरातून आलेला आहे. प्रत्येक थांब्याला असे भाग्य लाभत नाही. तरी प्रत्येक थांब्यामागे एखादी शाळा, वखार, कुरण किंवा लाकूड कापण्याचा कारखाना होता, आणि त्याचे कागद कुठेतरी असण्याची शक्यता असते.

प्रश्न : एका वर्षाच्या वेळापत्रकात असलेले नाव दुसऱ्या वर्षी नाहीसे होते आणि वर्तमानपत्रात त्याच जागेला तिसरेच नाव दिलेले आढळते. शिवाय वेळापत्रकात नाव आहे म्हणजे तेथे प्रवासी चढत-उतरत होते, असे धरायचे का?
— एक वाचिका, आल्बुकर्की

उत्तर : तसे धरू नये. कर्मचाऱ्यांच्या वेळापत्रकातील नाव हे प्रथम गाड्यांच्या संचालनासाठी असते. समोरून येणाऱ्या गाडीला वाट देण्यासाठी सायडिंग, पाणी घेण्याची टाकी, इंजिन फिरवण्याचा त्रिकोण किंवा रूळ राखणाऱ्या गँगचे घर, यांपैकी काहीही असले तरी त्या जागेला नाव द्यावेच लागते, कारण गाड्यांना दिले जाणारे हुकूम नावानेच दिले जातात. कंब्रेस आणि चामा यांच्या दरम्यान २५ ला १ च्या चढावर कॉक्सो, क्रेस्को, लोबाटो ही नावे लागतात. ती का आली हे आधी मार्गाच्या गरजेतून तपासावे, आणि प्रवासी चढत होते की नाही हा प्रश्न त्यानंतर वेगळा विचारावा. याच्या उलट प्रकारही असतो. पाण्याच्या टाकीशी वाफेची गाडी थांबणारच, तेव्हा शेजारचे लोक तेथे चढत, मात्र वेळापत्रकात त्यासाठी कोणतेही अक्षर नसे.

नावे बदलण्याची कारणे अनेक असतात. तारेने किंवा टेलिफोनवरून हुकूम घेताना ऐकायला सारखी वाटणारी दोन नावे धोक्याची ठरत, म्हणून त्यांतले एक बदलत. टपालखाते एका राज्यात एकाच नावाची दोन टपालघरे ठेवत नसे, त्यामुळे थांबा एका नावाचा आणि टपालघर दुसऱ्या नावाचे, असे सर्रास घडे. कुरणाचा मालक बदलला की लोकांच्या तोंडचे नावही बदले. यावर उपाय एकच आहे. प्रत्येक जागेसाठी मैल हा कायमचा ओळखक्रमांक मानावा आणि त्याच्यासमोर प्रत्येक वर्षाचे नाव लिहीत जावे. ३१८ मैलांच्या पुढची जागा १९१० मध्ये काय म्हणवली जात होती आणि १९३० मध्ये काय, हे अशा तक्त्यात सहज दिसते, आणि दोन नावे खरोखर दोन जागांची आहेत की एकाच जागेची, हा वाद मिटतो. वेळापत्रकांना अनुक्रमांक असत आणि नवे लागू झाले की जुने रद्द होई. त्यामुळे एखादे नाव कोणत्या क्रमांकात पहिल्यांदा आणि कोणत्यात शेवटचे आले, यावरून थांब्याच्या आयुष्याच्या दोन्ही कडा बऱ्यापैकी जवळ आणता येतात. १९२० नंतर मार्ग बंद करण्यासाठी आंतरराज्य वाणिज्य आयोगाची परवानगी लागे. त्या अर्जांच्या सुनावणीत मार्गावरील स्थानके आणि त्यांची वाहतूक यांची चर्चा होई, म्हणून शेवटची कडा तपासताना ती कागदपत्रेही पाहावीत.

लोकांच्या आठवणींना मी फार मोल देतो, पण “येथे गाडी थांबत असे” या वाक्याचा अर्थ जपून लावावा लागतो. रिओ ग्रँड सदर्न या शेजारच्या नॅरोगेजचे उदाहरण घ्या. ओटो मिअर्स यांनी रिजवे ते डुरांगो हा १६२ मैलांचा मार्ग १८९१ मध्ये पूर्ण केला. मंदीच्या काळात वाफेची गाडी परवडेना, तेव्हा १९३१ पासून कंपनीने जुन्या मोटारगाड्यांची इंजिने आणि सांगाडे वापरून रुळांवरून धावणारी वाहने बनवली. ‘गॅलपिंग गूज’ या नावाने प्रसिद्ध झालेली ही वाहने टपाल, किरकोळ माल आणि मोजके प्रवासी घेऊन जात, आणि वाटेत गरज पडेल तिथे थांबत. अशा मार्गावर एखाद्या वयस्कर माणसाने आपल्या कुंपणाशी गाडी थांबत असल्याचे सांगितले, तर ते खरेच असते. तरीही ती जागा फ्लॅग स्टॉप ठरत नाही. नोंद करताना ‘वेळापत्रकातील थांबा’ आणि ‘प्रथेने थांबा’ असे दोन वेगळे रकाने ठेवावेत. दुसऱ्या रकान्याची किंमत पहिल्यापेक्षा कमी मानण्याचे मात्र काहीही कारण नाही.

प्रश्न : अशा थांब्यांची पद्धत आज कुठे जिवंत आहे का?
— एक वाचक, टेक्सास

उत्तर : आहे. डुरांगो ते सिल्व्हर्टन हा ४५ मैलांचा तीन फुटी मार्ग १८८२ मध्ये सुरू झाला आणि आजही त्यावर वाफेच्या इंजिनाच्या गाड्या धावतात. अ‍ॅनिमास नदीच्या दरीतील नीडलटन आणि एल्क पार्क येथे मोटारीने जाता येत नाही. वेमिनूच अरण्यात पायी जाणारे प्रवासी तेथे गाडीतून उतरतात आणि परतताना रुळापासून सुरक्षित अंतरावर उभे राहून गाडीला थांबण्याची खूण करतात. ज्यांना जुन्या फ्लॅग स्टॉपवर सपाट केलेली जागा, पायवाट आणि रूळ यांची मांडणी कशी असे हे पाहायचे आहे, त्यांनी ही दोन ठिकाणे अवश्य पाहावीत, कारण कागदावरून ती कल्पना येत नाही.

प्रश्न : मला प्रत्यक्ष तेथे जाणे शक्य नाही. घरी बसून किती काम होऊ शकते?
— एक वाचिका, न्यू जर्सी

उत्तर : अर्ध्याहून अधिक. अमेरिकी भूगर्भ सर्वेक्षण संस्थेचे जुने स्थलवर्णनात्मक नकाशे आता मोफत पाहायला मिळतात. यांतील सर्वांत जुने नकाशे बहुधा १:१,२५,००० या प्रमाणाचे असून त्यावर एक मिलिमीटर म्हणजे जमिनीवरचे १२५ मीटर, त्यामुळे नावाचे अक्षर जिथे छापले आहे तिथेच थांबा होता असे समजणे चुकीचे ठरते. पुढच्या काळातील १:२४,००० प्रमाणाच्या नकाशांवर उखडलेला मार्ग अनेक ठिकाणी तुटक रेषेने आणि ‘जुना रेल्वे भराव’ अशा अर्थाच्या शब्दांनी दाखवलेला असतो. जुन्या नकाशावरून अक्षांश-रेखांश घेऊन ते थेट मोबाइलमध्ये घालू नयेत. यांतील बरेच नकाशे १९२७ च्या आधारप्रणालीवर, म्हणजे अक्षांश-रेखांश मोजण्याच्या तेव्हाच्या चौकटीवर, बांधलेले आहेत आणि आजच्या प्रणालीशी तुलना करता अमेरिकेत १० ते १०० मीटरचा फरक पडतो.

जंगलातील भागासाठी विमानातून लेझर किरण सोडून केलेली उंचीची मोजणी, म्हणजे लायडार, सर्वांत उपयुक्त आहे. झाडांखालची जमीन त्यात उघडी पडते आणि भराव, खोदाई, सायडिंगसाठी रुंद केलेली जागा छायाचित्रात कधी दिसली नसती इतकी स्पष्ट होते. सेजच्या झुडपांनी भरलेल्या उघड्या पठारावर मात्र जुनी हवाई छायाचित्रे अधिक बोलतात, विशेषतः १९३० च्या दशकातील, कारण तेव्हा चिली लाइन अजून चालू होती. त्या छायाचित्रांत वाटा पाहाव्यात. ओसाड पठारावर तीन-चार पायवाटा किंवा गाडीवाटा रुळाच्या एकाच बिंदूकडे येऊन मिळत असतील, तर तेथे माणसे गाडीची वाट पाहत उभी राहत होती असे मानायला चांगला आधार आहे.

जनगणनेची मूळ पानेही घरी बसून वाचता येतात. ती ७२ वर्षांनी खुली होतात, म्हणजे १९५० पर्यंतची आज उपलब्ध आहेत. गँगचा मुकादम, त्याचे कुटुंब आणि शेजारची घरे त्यांत ओळीने येतात, आणि त्या क्रमावरून रुळालगतची वस्ती कशी पसरली होती हे समजते.

प्रश्न : आम्ही काही मित्र येत्या उन्हाळ्यात चिली लाइनचा थोडा भाग पायी पाहणार आहोत. फ्लॅग स्टॉपची खूण जमिनीवर कशी ओळखावी?
— एक वाचक, सांता फे

उत्तर : प्रथम परवानगीबद्दल. सोडून दिलेला रेल्वेमार्ग सर्वांसाठी मोकळा असतो असा समज आहे, तो चुकीचा आहे. १८७५ च्या कायद्याखाली सरकारी जमिनीतून रेल्वेला मिळालेली वाट हा केवळ वहिवाटीचा हक्क होता आणि ती वाट सोडून दिल्यावर हक्क संपून जमीन मूळ भूखंडाच्या मालकाकडे मोकळी जाते, असा निकाल सर्वोच्च न्यायालयाने २०१४ मध्ये दिला. म्हणजे भरावावर चालतानाही आपण कोणाच्या तरी खाजगी जमिनीत असू शकता. सांता क्लारा आणि सान इल्देफोन्सो या पुएब्लोंच्या जमिनीतून हा मार्ग जात असे. तेथे पुएब्लोच्या प्रशासनाची परवानगी घेतल्याशिवाय पाऊल ठेवू नये. कंब्रेसचा मार्ग चालू आहे, तेव्हा त्या रुळांवरून चालण्याचा विचारच नको.

आता खुणा. स्थानकाची इमारत शोधू नये, कारण ती बहुधा नव्हतीच. फार तर एखादी छपरी असे, आणि कधी जुन्या डब्याचा सांगाडाच जमिनीवर ठेवून काम भागवलेले असे. रिओ ग्रँड सदर्नच्या व्हान्स जंक्शनवर अशीच सोय होती. अशा वास्तूला पाया नसतो, म्हणून ती हलवली की मागे काही उरत नाही. त्याऐवजी भरावाच्या रुंदीकडे लक्ष द्यावे. नॅरोगेजचा भराव अरुंद असतो. तो एका बाजूने काही पावले रुंद होऊन पुन्हा पूर्ववत होत असेल, तर तेथे माणसांनी उभे राहण्याची किंवा माल उतरवण्याची जागा असावी. हा रुंद भाग शे-दोनशे मीटर लांब असेल, तर बहुधा सायडिंग होते. त्या जागी वाळलेले स्लीपर मार्गाला समांतर टाकलेले आढळले, तर तो फलाटाचा काठ असू शकतो. शेजारी लाकडी खांबांचा कोंडवाडा आणि वर चढत जाणारा उतार दिसला, तर तेथून मेंढ्या किंवा गुरे डब्यात चढवली जात. ओसिअरला असा कोंडवाडा अजून पाहायला मिळतो आणि गाडीच्या प्रवासातच तो दिसतो, तेव्हा डोळा तयार करण्यासाठी आधी तो पाहून घ्यावा.

जमिनीवरची राख आणि कोळशाचा जळका खडा सगळ्या मार्गभर विखुरलेला असतो, त्याने काही सिद्ध होत नाही. मात्र तो एका जागी दाट साचलेला असेल, तर इंजिन तेथे वारंवार उभे राहत होते. पत्र्याचे डबे आणि काचा यांवरून काळ सांगता येतो. उन्हाने जांभळी पडलेली काच मँगनीज घातलेली असते, आणि अशी काच साधारण पहिल्या महायुद्धापर्यंतच बनत होती. ज्या डब्याच्या तोंडाशी मधोमध डाग देऊन बंद केलेले गोल भोक असते, तोही त्याच काळाचा. यांतली कोणतीही वस्तू उचलू नका. केंद्र सरकारच्या आणि आदिवासींच्या जमिनीवर १०० वर्षांहून जुन्या वस्तू हलवणे १९७९ च्या पुरातत्त्व संसाधन संरक्षण कायद्याने गुन्हा आहे. त्याहून मोठे कारण असे की या थांब्यांबद्दल दुसरा कागद नसल्यामुळे डबा कुठे पडला आहे हीच माहिती असते, आणि ती जागेवरून हलली की पुसली जाते. छायाचित्र घ्यावे, शेजारी मोजपट्टी ठेवावी आणि वस्तू होती तिथेच सोडावी.

जागा ठरवताना मी स्वतःसाठी एक कडक नियम ठेवला आहे, आणि तो आपणही पाळावा अशी माझी विनंती आहे. वेळापत्रकातील अंतर, रेल्वेबाहेरचा एखादा स्वतंत्र कागद आणि जमिनीवरची खूण, या तिन्ही एकाच जागेकडे बोट दाखवत असतील तरच ‘निश्चित’ असे लिहावे. दोनच जुळत असतील तर ‘संभाव्य’, आणि केवळ अंतर असेल तर ‘मोजणीने’ असा शेरा द्यावा. अक्षांश-रेखांशाबरोबर आधारप्रणाली, मोजणीची तारीख आणि पायाभूत धरलेली जागा नोंदवावी, म्हणजे पुढच्या माणसाला आपले काम तपासता येईल. जे सापडले नाही तेही लिहावे. अमुक मैलावर शोधले आणि खूण मिळाली नाही, ही नोंद दुसऱ्याचा उन्हाळा वाचवते. काम पूर्ण झाल्यावर एक प्रत गोल्डन येथील कोलोराडो रेलरोड म्युझियमच्या ग्रंथालयाकडे आणि एक न्यू मेक्सिकोच्या ऐतिहासिक जतन कार्यालयाकडे पाठवावी. कंब्रेस अँड टोल्टेकच्या मार्गाबद्दल काही हाती लागले, तर त्या रेल्वेच्या ‘फ्रेंड्स’ या स्वयंसेवी संस्थेलाही ते कळवावे.